‘ढ’च्या पुढचा ‘व’

मी एक जुना प्रिंटर आहे. तुमच्या शाळेच्या कार्यालयात गुणपत्रिका छापतो तो माझा दूरचा भाऊ. मी फक्त लेबले छापतो. पाकिटावर, डब्यावर, बाटलीवर चिकटवलेला तो चौकोनी कागद असतो ना, मित्रांनो, जो तुम्ही न वाचताच फाडून टाकता, तेवढेच माझे आयुष्यभराचे काम. हसू नका. त्या कागदावरचे एक अक्षर गळले तर काय होते ते मी पाहिले आहे, आणि तेच सांगायला आज तोंड उघडले आहे. माझे तोंड म्हणजे पुढची फट. लेबल तिथूनच बाहेर येते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्या पोटात वीतभर लांबीची एक पट्टी बसवली गेली. कारागीर तिला ‘हेड’ म्हणतात. तेव्हा माझे डोके पोटात आहे असे समजा हवे तर. या पट्टीवर नजरेला दिसणार नाहीत इतके बारीक ठिपके ओळीने बसवलेले असतात. हवे ते ठिपके विजेने तापतात, शाईची फीत तेवढ्यापुरती वितळते आणि कागदावर अक्षर उमटते. एखादा ठिपका जळला, तर त्या जागी कागदावर बारीक पांढरी रेघ पडते. शेजारशेजारचे बरेच ठिपके जळले, तर अख्खे अक्षरच जाते. आणि जळलेला ठिपका पुन्हा जिवंत होत नाही. पट्टीच बदलावी लागते.

माझी पहिली नोकरी औषधांच्या गोदामात होती. तिथले भांडारवाले आजोबा फार तिरसट होते. येणाऱ्या-जाणाऱ्यावर खेकसत, चहा गार झाला म्हणून कपावरही खेकसत. पण रोज सकाळी ते माझे झाकण उघडत, कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेत आणि माझी पट्टी इतक्या हलक्या हाताने पुसत की मला झोप येई. “एक शून्य गळलं तर माणूस जातो रे बाबा,” असे ते माझ्याशी पुटपुटत. त्यांच्या हाताखाली माझा एकही ठिपका जळला नाही. ते दिवस आठवले की अजून भरून येते. पुढे आजोबा निवृत्त झाले, गोदामाला कुलूप लागले आणि मला खोक्यात घालून नव्या जागी धाडले.

नव्या जागी मांस तयार होत असे, पण तिथे एकही कोंबडी नव्हती. ना रक्त, ना पिसे, ना वास. कोंबडीच्या अंगातून चिमूटभर पेशी काढायच्या, मोठ्या पोलादी टाकीत सोडायच्या, त्यांना पातळ खाऊ द्यायचा, ऊब द्यायची, की त्या वाढू लागत. पेशींना वाढताना धरायला काहीतरी लागते, म्हणून टाकीत एक नाजूक जाळी सोडत. ही जाळी कोळंबीच्या टरफलांपासून केलेली असे. पेशी जाळीला धरून वाढत आणि शेवटी जाळी मांसातच मुरून जाई. या मांसात वाईट काही नव्हते, हे मी आधीच सांगून टाकतो. जीव न घेता पोट भरते म्हणून कितीतरी माणसे ते आनंदाने खात. मला फक्त त्या टाक्यांचा आवाज आवडत नसे. भिंतीपलीकडून सारखी घुमघुम चाले. सुट्टीच्या दिवशी दिवे मालवले जात, माणसे घरी जात, तरी भिंतीमागे ते वाढतच असे.

असे मांस बाजारात आले तेव्हा त्याला म्हणायचे काय, यावरून मोठे रणकंदन माजले होते. बनवणाऱ्यांना ‘स्वच्छ मांस’ हवे होते. खाटीक म्हणाले, मग आमचे काय घाणेरडे? त्यांनी ‘नकली मांस’ सुचवले. त्यावर बनवणाऱ्यांचे माथे भडकले. शेवटी सरकारने समिती बसवली आणि समितीने एक शब्द ठरवला, ‘वाढवलेले’. तो शब्द ‘मांस’ या शब्दाच्या आधी, त्याला लागून, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, पाकिटाच्या समोरच्या बाजूला हवा. जाळीचाही उल्लेख करावा का, यावर थोडी चर्चा झाली म्हणे. पण जाळी हे साधन आहे, पदार्थ नव्हे, असे ठरले आणि ती बाब गाळली गेली. मग डॉक्टरांनी आपल्यापुरता उपाय काढला. कोळंबीचे वावडे असलेल्या प्रत्येकाला ते सांगू लागले, पाकिटावर ‘वाढवलेले’ दिसले की ते खायचे नाही. नियम केला होता एका कारणासाठी, आणि जीव वाचत होते भलत्याच कारणाने. पण वाचत होते.

आता माझ्या माणसांची ओळख करून देतो. आमच्या पॅकिंग विभागाचे साहेब इतके गोड बोलत की त्यांनी रजा नाकारली तरी माणूस आभार मानून बाहेर पडे. पाठीमागे सगळे त्यांना गोडसाहेब म्हणत. मशीन दुरुस्त करणाऱ्या काकांच्या खिशात कायम पाना असे, म्हणून ते पानेकाका. आणि माझ्यासमोर बसायची ती बारीकताई. बांध्याने बारीक आणि नजरेनेही बारीक. लेबलांच्या प्रत्येक भेंडोळ्यातले पहिले लेबल ती आपल्या डाव्या बाहीवर चिकटवी, मोठ्याने वाची आणि मगच पुढचे काम सुरू करी. संध्याकाळी तिच्या बाहीवर मनगटापासून कोपरापर्यंत लेबलेच लेबले असत. पानेकाका चिडवत, “ताई, स्वतःला विकायला काढलंय की काय?” ती म्हणे, “घेणारा मिळू दे आधी!”

तिच्या मुलीला कोळंबीचे वावडे होते. अगदी लहान असताना कोळंबी तळलेल्या तेलातला बटाटा पोटात गेला, तर तिचे ओठ सुजले, घसा आवळला आणि पोर निळी पडली होती. तेव्हापासून घरात कपाटावर आणि ताईच्या पिशवीत लगेच टोचायच्या औषधाची एकेक सुई कायम तयार असे. ताईने नवऱ्याकडून, सासूकडून, शेजारणीकडून, सगळ्यांकडून तो एक शब्द पाठ करून घेतला होता. तो दिसला की पाकीट खाली ठेवायचे, नाही दिसला तर खुशाल आणायचे. मुलीला नुकती अक्षरे जुळवता येऊ लागली होती. तिने आयुष्यात वाचलेला पहिला लांबलचक शब्द ‘वाढवलेले’ हाच. ताई हे कौतुकाने सांगे, आणि तो शब्द मी छापतो म्हणून मलाही उगाच अभिमान वाटे.

पण या नव्या जागी मला कुणी पुसत नसे. कापूस-स्पिरिटसाठी काम थांबवायचे म्हणजे खोळंबा, असे गोडसाहेबांचे मत. फीतही हलक्या प्रतीची आली. धूळ साचली, पट्टी नको तिथे तापू लागली आणि एकेक ठिपका मरू लागला. कुठे मरावे याला काही धरबंध नसतो. लेबलावरची ओळ पट्टीच्या लांबीला धरून पडते, त्यामुळे जळका भाग दरवेळी एकाच अक्षरावर येई. ते अक्षर होते ‘ढ’च्या पुढचा ‘व’.

ताईने पहिले लेबल बाहीवर चिकटवले, वाचले आणि ती उठून तडक गोडसाहेबांना घेऊन आली.

“साहेब, यात व नाहीये.”

“कशात?”

“‘वाढवलेले’मध्ये. ‘वाढलेले’ झालंय बघा.”

गोडसाहेबांनी लेबल उजेडात धरले. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरले. ते हसू मला तेव्हाच आवडले नव्हते.

“वाढलेले,” ते चव घेतल्यासारखे म्हणाले. “अहो ताई, किती छान वाटतं हे! आई घरात हाक मारते ना, चला, वाढलंय म्हणून. एका अक्षराने केवढा फरक पडतो.”

“फरक पडतो म्हणूनच म्हणते ना मी. कोळंबीवाल्यांना कळणार कसं?”

“गंमत केली हो. पानेकाकांना सांगून नवीन हेड मागवतो. तोवर हे छापलेलं वाया नको घालवायला. हा सगळा माल हॉटेलांना जाणार आहे, दुकानात एकही पाकीट जाणार नाही. तिथल्या आचाऱ्याला माहीत असतं आपण काय पाठवतो ते. झालं समाधान?”

“दुकानात नक्की नाही ना, साहेब?”

“तुमच्या मुलीचं मला माहीत नाही का? मी शब्द देतो.”

ताईचा जीव भांड्यात पडला. ती जागेवर येऊन कामाला लागली. तिची पाठ दाराकडे असे आणि माझे तोंड दाराकडे. बाहेर माल चढवायच्या फलाटावर रचलेल्या खोक्यांवरचे पत्ते मला दिसत. हॉटेलांचे एक-दोन असतील. बाकी सगळे दुकानांचे होते.

नवीन हेड आले. पानेकाका खोके हातात घेऊन, पाना काढून हजर झाले. गोडसाहेब म्हणाले, “आत्ता नको, काका. ठेवा त्या कपाटात. मालाची घाई आहे.” कपाटाला काचेचे दार होते आणि ते नेमके माझ्यासमोर. नवे हेड पांढऱ्या खोक्यात बसून राहिले. मी त्याच्याकडे बघत जळक्या हेडाने छापत राहिलो.

मग एका दुपारी, ताई जेवायला गेली असताना, गोडसाहेब स्वतः संगणकासमोर बसले. ‘व’ गेलेल्या जागी फट दिसत होती, ती त्यांना खुपत होती. त्यांनी ‘व’ आकसून इतका चिंचोळा केला की तो माझ्या जळक्या भागात बरोबर मावला, आणि दोन्ही बाजूंची अक्षरे जवळ सरकली. आता शिरोरेषेला केसाएवढी चीर तेवढी राहिली. कोपऱ्यात त्यांनी वाफाळत्या ताटाचे छोटे चित्र टाकले. संगणकाच्या पडद्यावर ‘व’ जागच्या जागी होता. कुणी येऊन पडदा पाहिला असता तर नियम तंतोतंत पाळलेला दिसला असता. कागदावर मात्र येत होते, ‘वाढलेले मांस’, आणि शेजारी ताट.

माल हातोहात खपू लागला. लोकांना वाटे, शिजवून तयार केलेले काहीतरी असावे. काहींना वाटे, साधीच कोंबडी, कुठेतरी कुरणात छान वाढलेली. गोडसाहेब येता-जाता माझ्या पाठीवर थाप मारू लागले. “आपला म्हातारा लकी आहे,” ते सगळ्यांना सांगत. “याला कुणी हात लावायचा नाही.” माझ्या अंगावर स्वच्छ कापड पांघरले जाऊ लागले. मित्रांनो, उभ्या जन्मात माझे एवढे कौतुक कधी झाले नव्हते, आणि ते माझ्या आजारपणाचे होते. आजोबांनी इतकी वर्षे निगा राखली तेव्हा कुणी फिरकूनही पाहिले नव्हते.

ताईने तीन-चारदा आठवण केली. “साहेब, हेड?” “उद्या बसवू, ताई.” तिने ताटाचे चित्र पाहिले तेव्हा कपाळाला आठी घातली, पण हॉटेलवाल्यांनाच ते हवे आहे असे तिला सांगण्यात आले. ती बाहीवरचे लेबल वाची, ‘ढ’शी क्षणभर अडखळे आणि पुढे जाई. रोज अडखळणे थोडे कमी होत गेले. मला भीती वाटू लागली ती तेव्हापासून. प्रिंटरला ओरडता येत नाही. माझ्या हातात एकच गोष्ट होती, ती मी केली. मी कागद अडकवला. पुन्हा पुन्हा अडकवला. दरवेळी पानेकाका येत, कागद ओढून काढत, एकदा माझ्याकडे आणि एकदा काचेच्या कपाटाकडे बघत. “म्हातारा रुसलाय,” ते म्हणत आणि झाकण लावून निघून जात. त्यांच्या नोकरीचे थोडेच दिवस राहिले होते आणि त्यांना ते निमूटपणे काढायचे होते.

आणि मग तो फोन आला.

जेवणानंतरची वेळ होती. ताईने नुकतेच नवे भेंडोळे लावून पहिले लेबल बाहीवर चिकटवले होते. हातात मोजे होते, म्हणून तिने कोपराने बटण दाबून फोन टेबलावरच मोठ्या आवाजात लावला. पलीकडे तिचा नवरा होता. आधी त्याचे बोलणे कळेचना, नुसती धाप.

“सुई दिली. दिली सुई. गाडीत आहोत आम्ही. ती डोळे उघडत नाहीये गं.”

“काय खाल्लं तिने? काय दिलंत तुम्ही तिला?”

“कोंबडीच. दुकानातली, गोठवलेली. ताटाचं चित्र होतं.”

“वाचलं नाहीत तुम्ही?”

“वाचलं. तिनेच वाचलं, दुकानात, एकेक अक्षर लावून. म्हणाली, बाबा, आपला शब्द नाहीये यावर, घेऊ या.”

ताईने डावा हात वर केला आणि बाहीवरचे लेबल वाचले. तिचे ओठ हलताना मला दिसले. ‘ढ’पाशी ते थांबले, या वेळी बराच वेळ. फोनमधून गाडीचा भोंगा आणि नवऱ्याच्या हाका येत होत्या. मग तिने मोजे काढून टेबलावर ठेवले, पिशवी उचलली आणि ती धावत सुटली. भिंतीमागे घुमघुम चालूच होती. मला कुणी बंद केले नव्हते, म्हणून मी छापतच होतो. लेबले टेबलावरून खाली ओघळून जमिनीवर साठत गेली.

तासाभरात गोडसाहेब आले. त्यांनी जमिनीवरची लेबले स्वतः वाकून गोळा केली. संगणकावरचा ‘व’ पुन्हा रुंद केला, ताटाचे चित्र काढून टाकले. मग पानेकाकांना बोलावले आणि कपाट उघडले. माझे झाकण निघाले, जळके हेड बाहेर आले, नवे बसले. कापूस आला, स्पिरिट आले. ज्या वासासाठी मी इतकी वर्षे झुरलो होतो तो वास आता आला. “हे जुनं हातोडीने फोडून टाका,” गोडसाहेब नेहमीच्याच गोड आवाजात म्हणाले. पानेकाकांनी मान हलवली आणि हेड खिशात टाकले.

इस्पितळाने कळवले म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी तपासणीवाल्या बाई आल्या. शांत, थकलेल्या, हातात साधी पिशवी. त्यांनी पडदा पाहिला. मग म्हणाल्या, “एक छापून दाखवा.” मी छापले. ‘वाढवलेले मांस’. ताटाचे चित्रही नव्हते. ‘व’ इतका ठसठशीत आला होता की मलाच तो परका वाटला.

तेवढ्यात दारात ताई उभी दिसली. कालचाच एप्रन अंगावर होता, बाहीवर कालचे लेबल. तिच्या हातात रिकामे पाकीट होते, कचऱ्याच्या डब्यातून काढलेले, तेलकट. तिने ते बाईंपुढे ठेवले.

“हे वाचा.”

बाईंनी वाचले. “वाढलेले,” त्या हळूच म्हणाल्या.

“काल इथे असंच छापत होतं. आणि माझ्या बाहीवर बघा.”

“अरेरे,” गोडसाहेब म्हणाले. “ताई, आधी मुलगी कशी आहे ते सांगा. बघा ना बाई, फ्रीजरमध्ये पाकिटावर पाकीट घासतं, अक्षर जातं. एखादं लेबल खराब निघतंच. चुकून सुटलं असेल बिचारीच्या नजरेतून. लेबल तपासणं हे त्यांचंच काम आहे ना.”

बाईंनी माझे झाकण उघडले, आत डोकावून पाहिले. “हेड नवं दिसतंय. कधी बदललं?”

गोडसाहेबांनी पानेकाकांकडे पाहिले. ताईनेही पाहिले. पानेकाकांचा हात खिशात होता. खिशाचे कापड ताणलेले होते आणि आतल्या वीतभर पट्टीचा कोपरा स्पष्ट दिसत होता. मला दिसत होता. दुसऱ्या कुणाची नजर तिकडे गेली नाही.

“काका,” ताई म्हणाली, “तुम्ही कागद काढायला यायचात. तुम्ही बघितलंय ना?”

पानेकाकांनी खिशातली मूठ आवळली. मग म्हणाले, “नेहमीची देखभाल असते, बाई. वेळच्या वेळी बदलतो आम्ही.”

बाईंनी पाकीट पिशवीत घातले, बाहीवरचे लेबलही सोलून घेतले, “बघू,” म्हणाल्या आणि गेल्या. ताई जागची हलली नाही. गोडसाहेबांनी तिच्यासाठी खुर्ची मागवली, पाणी मागवले. तिने दोन्हींकडे पाहिले नाही. जाताना ती पानेकाकांच्या अगदी जवळून गेली, आणि ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले. मुलगी अजून इस्पितळात आहे. श्वास घेते, डोळे उघडत नाही, एवढेच कानावर आले. ताई पुन्हा आली नाही. तिच्या खुर्चीवर नवी कुणी बसते. ती बाहीवर काही चिकटवत नाही, मोठ्याने काही वाचत नाही.

पानेकाका मात्र रोज येतात. कुणी न सांगता मला पुसतात. ते हेड अजून त्यांच्या खिशात आहे. काका वाकले की ते माझ्या अंगाला खट् असे लागते.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी जुने यंत्र म्हणते, माझी निगा राखा, मला अडगळीत टाकू नका. माझी निगा आता उत्तम राखली जाते. मला स्वतःसाठी काही नको. पण मी जळका असताना छापलेली लेबले परत कुणी मागवलेली नाहीत. एवढी सगळी पाकिटे कुठे गेली, ते मी खोक्यांवर वाचले आहे. आणि गोठवलेले मांस लवकर खराब होत नाही. ते थंडीत पडून राहते, कितीही दिवस.

म्हणून आज घरी गेलात की फ्रीजर उघडा. ताटाचे चित्र असलेले पाकीट दिसले तर बाहेर काढा. त्यावर बर्फ असेल, तो बोटाने खरवडा. मग ताईच्या मुलीने वाचले तसेच एकेक अक्षर लावून मोठ्याने वाचा, म्हणजे घरातल्या कुणाच्या तरी कानावर जाईल. ‘वा’ म्हणा, ‘ढ’ म्हणा, आणि तिथे थांबून पुढे काय आहे ते नीट बघा.